गटातलं लहान गाव

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमच्या रांगेत आठ घरं आहेत आणि आठही घरांच्या टपालपेट्या रस्त्याच्या टोकाला एकाच खांबावर बसवल्या आहेत. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी दिवसातून एकदा घराबाहेर पडायचे ती त्या पेट्यांपर्यंत जाण्यासाठी. टपालात बहुतेक जाहिरातीच असत, तरी जायचे. माझ्या भिंतीला लागून राहणारे शेजारीही त्याच सुमाराला यायचे. मूळचे जर्मनीतले, पंच्याऐंशी वर्षांचे, उंच, थोडे वाकलेले. आयुष्यभर कारखान्यात धातूचे साचे घडवण्याचं काम केलेलं, त्यामुळे हात अजून भक्कम होते. डोळे मात्र गेले होते. त्यांना कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही, त्यामुळे वाचताही येत नसे. एकदा म्हणाले, "तुमचा चेहरा मला दिसत नाही, चालीवरून ओळखतो."

चार वर्षं आम्ही शेजारी होतो, पण बोलणं हवेपलीकडे गेलं नव्हतं. बर्फ किती पडेल, वारा कुठून येतोय, एवढंच. त्यांची बायको आधीच गेलेली. एक मुलगी ॲरिझोनात. माझा मुलगा फ्रिस्कोत. हे सगळं दोघांनाही माहीत होतं आणि त्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात ते पेटीपाशी एक लांबट पाकीट हातात घेऊन उभे होते. मला म्हणाले, "तुमचे मिस्टर एकदा सांगत होते, तुम्हाला जर्मन येतं."

मी म्हटलं, "शिकले होते. येतं असं म्हणवत नाही."

पुण्यात आमच्या वेळी बी.एस्सी. झालेल्या मुली लग्न ठरेपर्यंत काहीतरी शिकत. कुणी शिवण, कुणी टायपिंग. मी संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जायचे. अडीच वर्षं गेले, मग लग्न ठरलं, मग अमेरिका, मग इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तेवीस वर्षं रक्ताचे नमुने. त्या जर्मनचा उपयोग असा कधी झालाच नव्हता.

त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मी पत्र उघडलं. सरकारी भाषा कुठल्याही देशातली असो, ती वाचणाऱ्याला लहान करते. मला फोनवरचं शब्दकोशाचं ॲप काढावं लागलं. वीस मिनिटांनी अर्थ लागला. त्यांच्या आईवडलांची कबर गावच्या दफनभूमीत होती. ती जागा कायमची नसते, ठरावीक वर्षांसाठी वापरायला दिलेली असते. ती मुदत संपली होती. आतापर्यंत त्यांचा थोरला भाऊ ती सांभाळत होता. तो वारला, म्हणून जवळचा नातेवाईक या नात्याने यांना कळवत होते: मुदत वाढवायची असल्यास वर्ष संपायच्या आत लिहा, नाही तर कबर काढून जागा मोकळी केली जाईल.

मला हे नवीन होतं. मला वाटायचं, आपल्याकडे सगळं राख करून पाण्यात सोडून देतात आणि यांच्याकडे माणूस कायमचा जागेवर असतो. माझ्या नवऱ्याच्या अस्थी मी आणि मुलाने मिसिसिपी नदीत सोडल्या. तेव्हा सुनेची आई फोनवर म्हणाली होती, नाशिकला न्यायच्या होत्या. मी काही बोलले नव्हते.

शेजाऱ्यांना कबरीपेक्षा वेगळीच गोष्ट लागली. "हे पाठवलंय कोणी?"

मी वरचा मथळा वाचला. एक लांबलचक शब्द होता, फेरबान्ड्सगेमाइंडं, आणि पुढे एका गावाचं नाव.

"हे आमचं गाव नाही," ते म्हणाले. "हे पलीकडचं मोठं गाव. आम्ही बाजाराला जायचो तिथे. तिथली पोरं आमच्या बुटांना शेण लागलेलं असतं म्हणून हसायची. आमच्या कबरींशी त्यांचा काय संबंध?"

"तुम्ही गाव कधी सोडलंत?"

"बावीस वर्षांचा होतो. साठ वर्षं झाली. वर झाली."

मी घरी येऊन दोन दिवस वाचत बसले. खरं सांगायचं तर मला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी काम मिळालं होतं. हळूहळू उलगडलं. त्यांच्या भागात शंभर-दीडशे वस्तीची गावं खूप. एवढ्याशा गावाला स्वतःची कचेरी, कारकून, अभियंता कसा परवडणार? म्हणून हे निघून आल्यानंतर काही वर्षांनी तिथल्या सरकारने अशी गावं एकत्र करून गट केले. गाव मोडलं नाही. गावाची स्वतंत्र पंचायत राहिली, गावाचा प्रमुख राहिला, तोही बिनपगारी, आपापली नोकरी सांभाळून करणारा. पण कागदपत्रं, नोंदी, पत्रव्यवहार हे सगळं गटातल्या मोठ्या गावच्या कचेरीत. लहान गावाने ठरवायचं, मोठ्या गावातल्या कचेरीने लिहायचं.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की हे मला माहीत आहे. माझ्या लहानपणी मी यात राहिलेली आहे.

माझे वडील ग्रामसेवक होते. भोर तालुक्यात, डोंगराच्या पोटात, तीन गावं मिळून एक ग्रामपंचायत होती. लोक तिला ग्रुप ग्रामपंचायत म्हणत. त्यातलं मोठं गाव रस्त्यावर, तिथे कचेरी आणि पाटीवर नावही त्याच गावाचं. उरलेली दोन गावं आत. आम्ही राहायचो त्यातल्या सगळ्यात लहान गावात, कारण तिथे खोली मिळाली होती. आमच्या गावच्या लोकांना त्या पाटीचा फार राग. एकदा ग्रामसभेत एक म्हातारा उठून म्हणाला होता, "आमच्या गावाचं नाव निदान कंसात तरी लिवा." वडील रात्री आईला ते सांगताना हसले नव्हते, हे मला आठवतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ते सायकलने आतल्या गावांना जात. पंचायतीचा शिक्का कापडात गुंडाळून पिशवीत. शिक्का असेल तिथे कचेरी, असं ते म्हणायचे.

हे मी शेजाऱ्यांना सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग विचारलं, "मग त्या म्हाताऱ्याच्या गावाचं नाव लिहिलं का?"

"नाही. पुढे काही वर्षांनी ती गावं वेगळीच झाली, असं ऐकलं."

"आमचीही होतील," ते म्हणाले. ते मात्र व्हायचं नव्हतं.

मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये गटकचेरीला ईमेल लिहिली. चार दिवसांत उत्तर आलं, नेमकं आणि सभ्य. दफनभूमी गावाची आहे. मुदतवाढीचा कागद आम्ही करू, पण त्यापलीकडे काही विचारायचं असेल तर ते गावच्या प्रमुखांशी बोलावं. त्या दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सहा जुन्या शाळेत बसतात. खाली फोन नंबर. मी मनात त्यांना सरपंचबाई असंच म्हणायला लागले. दुसरा शब्द शोधायची गरजही नव्हती.

तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आमच्याकडे सकाळचे दहा. गुरुवारी मी फोन लावला आणि स्पीकरवर टेबलावर ठेवला. बाईंचा आवाज तरुण होता. दिवसा त्या दातांच्या दवाखान्यात काम करतात, हे नंतर कळलं. मी पाठ केलेली वाक्यं म्हटली. आम्ही अमेरिकेतून बोलतोय, माझे शेजारी तुमच्या गावचे आहेत. बाई सावकाश, स्वच्छ जर्मनमध्ये उत्तरं देत होत्या, मला कळावं म्हणून. मग शेजारी मध्येच दोन वाक्यं बोलले.

नंतर बाईंनी काहीतरी विचारलं, आणि ते मला अजिबात कळलं नाही. भाषा तीच असेल, पण शब्द गोल झाले होते, शेवट गळून पडले होते. शेजाऱ्यांनी उत्तर दिलं. बाई हसल्या. मग तेही हसले. चार वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. पुढची पंचवीस मिनिटं दोघं त्यांच्या बोलीत बोलत राहिले आणि मी माझ्याच फोनकडे बघत बसले. मध्ये उठून त्यांच्या ओट्यावरचे दोन कप धुतले.

फोन संपल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"पहिल्यांदा विचारलं, तू कुणाचा? आमच्याकडे असंच विचारतात. आडनावाने काही कळत नाही, निम्म्या गावाचं आडनाव एकच. घराला नाव असतं. मी म्हटलं, विहिरीजवळच्या घरातला. तर ती म्हणते, माझी आजी तुमच्या घरून दूध आणायची." ते थांबले. "तिने मला अरे-तुरे केलं. लहान मुलगी आहे ती. पण गावात सगळे एकमेकांना तसंच बोलतात."

मी घरी येऊन खिचडी लावली. आनंद व्हायला हवा होता आणि झालाही होता थोडा. पण त्याहून जास्त मला एकटं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. मला "तू कुणाची गं?" असं शेवटचं कोणी विचारलं, ते आठवेना. इथल्या मराठी मंडळात मी गणपतीला जाते. पुण्या-नागपूरहून आलेली तरुण मंडळी फार गोड वागतात. "काकू, तुम्ही बसा, आम्ही आणतो प्लेट," असं म्हणतात. मी बसते. त्यांचं बोलणं व्हिसा, शाळा, घरांचे रेट यांवर चालतं, मला सगळं समजतं, आणि तरी कोणी माझ्याकडे वळून काही विचारत नाही. त्यात त्यांची चूक नाही. मी त्यांच्या वयाची असताना आम्हीही असंच करायचो.

त्यानंतर गुरुवार ठरून गेला. मी दहाला जायचे, फोन लावून द्यायचे आणि बसायचे. कधी कधी सरपंचबाई मुद्दाम माझ्याशी सरळ जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलायच्या. तुमच्याकडे बर्फ किती आहे? तुमच्या गावात किती माणसं होती? एकदा त्यांनी दफनभूमीत जाऊन व्हिडिओ कॉल केला. शेजारी फोन डोळ्यांच्या कडेला धरून तिरके बघत होते. मी त्यांना सांगत गेले: दगड करडा आहे, एका बाजूला शेवाळ, आईचं नाव वर, वडलांचं खाली, समोर एक लहान झुडूप, मागे भिंत, भिंतीपलीकडे उतार.

"उतारावर काय आहे?"

"नुसतं गवत."

"तिथे आमची सफरचंदाची झाडं होती," ते म्हणाले, आणि मग फोन खाली ठेवला.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मला बोलावलं. मुदत वाढवायचा कागद मी टाइप करून आणला होता, सही तेवढी बाकी होती. त्यांनी सही केली नाही. म्हणाले, "आणखी एक विचारायचं आहे. माझी राख तिथे ठेवता येईल का?"

त्यांच्या बायकोची कबर इथेच, पंधरा मिनिटांवर आहे. रविवारी मुलीच्या ओळखीतलं कोणीतरी त्यांना तिथे घेऊन जायचं.

मी गटकचेरीच्या साइटवर गावच्या दफनभूमीचे नियम शोधले आणि त्यांना वाचून दाखवले. ही दफनभूमी मृत्यूच्या वेळी गावचे रहिवासी असलेल्यांसाठी आहे. इतरांना गावाची परवानगी लागेल.

"मी रहिवासी आहे का?" त्यांनी विचारलं.

"कागदावर नाही."

मग मी त्यांना वडलांची आणखी एक गोष्ट सांगितली. आमच्या लहान गावातली एक बाई नवऱ्याने टाकली म्हणून मुलीला घेऊन माहेरी परत आली होती. तिला बालवाडीत मदतनिसाचं काम मिळत होतं, पण त्यासाठी रहिवासाचा दाखला हवा होता. सासरच्या गावाने म्हटलं, ती इथे राहत नाही. आमच्या ग्रुपचे सरपंच म्हणाले, लग्न करून दिलेली मुलगी आपली रहिवासी कशी? ती बाई तीन वेळा डोंगर उतरून मोठ्या गावच्या कचेरीत आली आणि तीन वेळा परत गेली. चौथ्या वेळी वडील तिला वाटेतच भेटले. मी सायकलवर पुढे बसले होते, सात-आठ वर्षांची असेन. वडलांनी सायकल स्टँडवर लावली, कॅरियरवर कागद ठेवून दाखला लिहिला, पिशवीतून शिक्का काढला आणि उमटवला. बाईने विचारलं, "सरपंचांनी हा म्हटलं का?" वडील म्हणाले, "तुम्ही रोज रात्री कुठे झोपता?" ती म्हणाली, "आईजवळ." "मग झालं," ते म्हणाले. त्याबद्दल वडलांना पुढे बराच त्रास झाला. बदलीही झाली. त्या बदलीमुळेच आम्ही पुण्याजवळ आलो आणि मी कॉलेजात जाऊ शकले.

शेजारी म्हणाले, "मी रोज रात्री इथे झोपतो."

"हो."

"म्हणजे तुमच्या वडलांनी मला दाखला दिला नसता."

मी म्हटलं, "माहीत नाही. ते तुमच्याशी आधी बोलत बसले असते."

अर्ज गेला. कबरीच्या मुदतवाढीचा आणि परवानगीचा, दोन्ही एकत्र. जानेवारीत गावच्या पंचायतीची बैठक झाली. आठ सभासद, अग्निशमनाच्या गाडीच्या शेडला लागून असलेल्या खोलीत. त्या दिवशी दोनच विषय होते. पहिला, शेजारच्या गावात विलीन व्हायचं का. सरपंचबाईंची मुदत संपत होती आणि पुढे उभं राहायला कोणी तयार नव्हतं. दुसरा विषय आमच्या शेजाऱ्यांचा. गुरुवारी बाईंनी सांगितलं, पहिल्या विषयाला वेळ लागेल, दुसरा मंजूर झाला. सात बाजूने, एक विरुद्ध.

"विरुद्ध कोण?" शेजाऱ्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. एक शेतकरी. तो म्हणाला, हा माणूस साठ वर्षांत गावची गटारं साफ करायला एकदाही आला नाही, आणि आता झोपायला येतोय.

मला वाटलं, ते दुखावतील. ते म्हणाले, "बरोबर बोलला तो. मी तिथे असतो तर मीही तेच म्हटलं असतं."

पंधरा दिवसांनी गटकचेरीचं पत्र आलं, शिक्का मारलेलं. मी दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी ते फ्रिजच्या दारावर मॅग्नेटने लावायला सांगितलं. लावता लावता मी विचारलं, "मुलीला सांगितलंत?"

"सांगेन. ख्रिसमसला आली होती, पण विषय निघाला नाही. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही."

मी म्हटलं, "लवकर सांगा."

"हो," ते म्हणाले.

फेब्रुवारीत ते टपालपेटीकडे जाताना बर्फावर घसरले. खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण मग छातीत न्यूमोनिया झाला. मी हॉस्पिटलमध्ये दोनदा गेले. ज्या इमारतीत मी तेवीस वर्षं काम केलं तीच, त्यामुळे रस्ता विचारावा लागला नाही. दुसऱ्या खेपेला त्यांची मुलगी होती. पन्नाशीची, दमलेली, त्यांच्या घरच्या फोटोतल्या आईसारखी दिसणारी. आम्ही एकमेकींना मान हलवली. ते डोळे मिटून होते. मी जर्मनमध्ये म्हटलं, आज गुरुवार आहे. त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. तीन दिवसांनी ते गेले.

त्यांची मुलगी घर आवरायला आठवडाभर राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने माझी बेल वाजवली. हातात ते पत्र होतं.

"हे फ्रिजवर होतं," ती म्हणाली. "मला जर्मन येत नाही. बाबांनी कधी शिकवलंच नाही. ते म्हणायचे, तुमचं येणंजाणं होतं, म्हणून विचारते."

मी तिला आत बोलावलं, चहा केला. चहा करताना माझ्या मनात आलं, हिला अर्धंच सांगावं. मुदत वाढवल्याचं पत्र आहे, बाकी काही नाही. ती परत जाईल आणि सुखाने झोपेल. पण लॅबमध्ये रिपोर्ट देताना आम्हाला एकच शिकवलं होतं, आलेलं असेल ते लिहायचं. मी तिच्यासमोर बसून पत्र ओळीओळीने इंग्रजीत सांगितलं.

तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "आईच्या दगडावर त्यांचं नाव आधीच कोरलेलं आहे. त्यांनी स्वतः कोरून घेतलं, ती गेली तेव्हा. फक्त साल घालायचं बाकी आहे."

मी चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"हे त्यांनी मला का नाही सांगितलं? तुम्हाला सांगितलं."

"मला पत्रं वाचता येत होती म्हणून," मी म्हटलं. "दुसरं काही कारण नव्हतं."

"मी काय करू?"

"ते मी कशी सांगू?"

दुसऱ्या दिवशी तिने येऊन सांगितलं की ती त्यांना आईजवळ ठेवणार आहे. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आई तिथे एकटी आहे," एवढंच म्हणाली. मला ते बरोबर वाटलं. आणि त्याच वेळी त्या फोनवरच्या पंचवीस मिनिटांची आठवण होऊन फार वाईट वाटलं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि त्याचं काही करता येत नव्हतं.

सरपंचबाईंना कळवणं माझ्याकडेच आलं. मी गुरुवारची वाट बघितली. फोन टेबलावर ठेवायची गरज नव्हती, तरी ठेवला. मी सांगितलं, ते गेले, आणि ते तिकडे येणार नाहीत. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे गावचं माणूस गेल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला घंटा वाजवतात. घरच्यांनी सांगितलं की. वाजवायची का?"

मी घरची नव्हते. त्यांची मुलगी भिंतीपलीकडे खोके बांधत होती, टेप फाडल्याचा आवाज येत होता. उठून विचारता आलं असतं. मी म्हटलं, "वाजवा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, म्हणजे तिथल्या सहाला, मी स्वयंपाकघरात बसून राहिले. अर्थात इथे काही ऐकू येणार नव्हतं. बाहेर बर्फ काढणारी गाडी रांगेतून गेली, प्रत्येक दारापुढे थांबत. सव्वा अकराला मी उठले आणि भाजी चिरायला घेतली. त्या मुलीला मी हे सांगितलं नाही. ती ॲरिझोनाला परत गेली, घर विकायला काढलं. अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही.

एप्रिलमध्ये बाईंची ईमेल आली. मंजूर झालेली मुदतवाढ शेजाऱ्यांच्या मुलीने कचेरीला इंग्रजीत लिहून रद्द करून घेतली होती. कबर काढली, दगड भिंतीशी इतर जुन्या दगडांबरोबर उभा करून ठेवला आहे, असं लिहिलं होतं. आणि दोन गावं एक व्हायचं ठरलं. नव्या गावाला दोन्ही नावं जोडून देणार, मध्ये छोटी रेघ. मला आमच्या ग्रामसभेतला तो म्हातारा आठवला. पण हे ज्यांना सांगावं असे शेजारी आता नव्हते आणि मुलाला हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

तरी मी मुलाला फोन केला. दुपारची वेळ होती, तो दोन मीटिंगच्या मध्ये होता.

"आई, ऑल ओके ना?"

"ओके आहे. एक सांगायचं होतं. मी गेल्यावर माझं काय करायचं ते."

"आई, प्लीज. आत्ता काय हे?"

"दोन मिनिटं ऐक. तू कुठे असशील तिथे, तुला जे सोपं पडेल ते कर. नाशिकला नको, बाबांजवळ आणायलाही नको. जवळ कुठली नदी असेल तर नदी, नसेल तर तळं. बायकोला सांगून ठेव. तिच्या आईलाही सांग, मी म्हटलं म्हणून."

मागे कोणीतरी इंग्रजीत काही विचारत होतं.

"तुला बरं नाहीये का? डॉक्टरांकडे गेलीस का?"

"बरी आहे मी. तुला नंतर अंदाज करत बसायला नको, म्हणून सांगितलं."

"ओके," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आई, तू इकडे का नाही येत? रूम रिकामीच आहे. मी किती वेळा म्हटलंय."

या प्रश्नाला मी नेहमी बघू म्हणायचे. या वेळी म्हटलं, "उन्हाळ्यात महिनाभर येते. मग ठरवू."

"रिअली?"

"रिअली. आता मीटिंगला जा."

त्याने तिकिटं बघतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मी गॅलरीचं दार उघडलं. बर्फ बहुतेक गेलं होतं. शेजारच्या दारापुढे विक्रीची पाटी होती आणि एक तरुण जोडपं, हैदराबादकडचं असावं, एजंटबरोबर घर बघत होतं. त्यातल्या मुलीने मला बघून हात केला आणि विचारलं, "आंटी, इथे शेजार कसा आहे?"

मी म्हटलं, "चांगला आहे. शांत आहे."